स्टेज २ करताय? कॅट फेकायच्या आधी हे वाचा

स्टेज २ साठी, म्हणजे ट्यूनबरोबर एक्झॉस्टचा पाइपही बदलताना, कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढावा का, हा प्रश्न नेहमीचाच. स्टेज १ रीमॅप (नुसतं इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं) करून झाला, दोन महिने मजा आली, मग त्या पिकअपची सवय झाली आणि परत हात शिवशिवायला लागले. तेवढ्यात गॅरेजवाला म्हणतो, साहेब कॅट काढून टाकू, सरळ पाइप मारू, गाडी एकदम फ्री होऊन जाईल. मीपण या वाक्याला भुललो होतो. पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बोवाली, आपल्या चाकणचीच, आठ महिने कॅटशिवाय चालवली आणि मग दुसरा कॅट लावला, म्हणजे पैसे दोनदा गेले आणि डोकेदुखी झाली ती वेगळी, खरोखरची डोकेदुखी, ते पुढे सांगतो. तर ज्या क्रमाने मी करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितोय.

आधी कॅट म्हणजे काय ते दोन मिनिटांत. सायलेन्सरच्या लाइनीत इंजिनाच्या बाजूला जो फुगीर डबा असतो तो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, सिरॅमिकची नाहीतर पातळ स्टीलच्या पत्र्याची, आणि त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करणं, न जळलेलं पेट्रोल जाळणं आणि नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन सोडणं, ही तीन कामं तो एकाच वेळी करतो, म्हणून त्याला थ्री-वे म्हणतात. धड असलेला, तापलेला कॅट यातली नव्वद टक्क्यांच्या वर घाण साफ करतो. आता हाच आकडा उलटा करून बघा. शंभरातले नव्वद जो खात होता तो काढला की दहाच्या जागी शंभर बाहेर येणार, म्हणजे तुमची एक गाडी रस्त्यावर दहा गाड्यांएवढं सोडणार. गॅरेजमध्ये हे गणित कुणी मांडत नाही, तिथे फक्त डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनचा, कागद दाखवतात.

त्याच्या दोन अटी असतात. एक, तो साधारण अडीचशे-तीनशे डिग्रीपर्यंत तापायला लागतो, त्याआधी तो नुसता डबा. दुसरं, हवा-पेट्रोलचं मिश्रण अगदी बरोबर लागतं, साध्या पेट्रोलला १४.७ ला १. म्हणूनच त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा मिश्रण सांभाळतो, मागचा बघतो की कॅट काम करतोय का. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड या मागच्या सेन्सरपाशीच येते.

आता पहिलं काम. तुमच्या गाडीला टर्बो आहे का?

नसेल तर विषय इथेच संपला असं समजा. स्विफ्टच्या १.२ के सिरीजसारखं ८३ पीएसचं इंजिन असेल तर नुसता कॅट काढून वरच्या आरपीएमला एखाददुसरा पीएस मिळेल, आणि डायनोवर तर एकाच गाडीचे लागोपाठ दोन रनसुद्धा तेवढे इकडेतिकडे होतात, त्यामुळे मिळालं की नाही हेही धड कळत नाही. शिवाय या गाड्यांत कॅट बऱ्याचदा इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या मॅनिफोल्ड पाइपलाच चिकटलेला असतो, तो काढायचा म्हणजे अख्खा हेडर (नवा मॅनिफोल्ड) बनवा, सेन्सर हलवा, ट्यून करा, एवढं सगळं करून हातात काय तर खालच्या आरपीएमचा गेलेला टॉर्क. त्यापेक्षा नवे प्लग, चांगले टायर, ब्रेक पॅड आणि डिकीतलं भंगार खाली काढणं, याने गाडी जास्त पळते, गंमत नाही करत. आणि खरं सांगू का, विचारायला येणाऱ्या निम्म्या लोकांना पॉवर नकोच असते, आवाज हवा असतो. आवाज मागच्या मफलरमधून येतो, कॅटमधून नाही. त्यासाठी पुढचा डबा कापण्यात काही अर्थ नाही. आवाज वाढवणंही कायद्यात बसत नाही हा वेगळा मुद्दा, पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत.

टर्बो असेल तर मात्र बोलण्यासारखं आहे. टर्बोचा पंखा फिरतो तो त्याच्या आधीचं प्रेशर आणि नंतरचं प्रेशर यातल्या फरकावर. नंतरचं प्रेशर जेवढं कमी, तेवढा तो लवकर फिरायला लागतो आणि तेवढाच बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचं प्रेशर) कमी कष्टात देतो. म्हणून टर्बो गाडीत डाउनपाइप, म्हणजे टर्बोच्या लगेच मागचा पाइप, बदलला की फरक सीटमध्ये बसल्या बसल्या कळतो, खोटं नाही. पण तो फरक येतो कशातून? कंपनीचा डाउनपाइप जागेच्या हिशोबाने बनवलेला असतो, बारीक असतो, वळणं कडक असतात, आणि त्यात चारशे-सहाशे सेलचा (दर चौरस इंचाला तेवढी भोकं) दाट कॅट. तुम्ही मोठ्या व्यासाचा, सुबक वळणांचा पाइप टाकला आणि त्यात २०० सेलचा स्पोर्ट्स कॅट ठेवला की मिळण्यासारखं बहुतेक सगळं मिळून जातं. त्यातून तो २०० सेलचा कॅटही काढला तर वर जे मिळतं ते अगदीच चिल्लर असतं, त्यातही आमच्या १.२ सारखा छोटा टर्बो असेल तर वरच्या आरपीएमला टर्बोच दमलेला असतो, मागे पाइप आहे की बोगदा आहे त्याला काय फरक पडतो. आणि त्या गाडीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. कंपनीतून येताना इंजिन १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटरचं, स्टेज १ लाच तुम्ही गिअरबॉक्सच्या हद्दीजवळ जाऊन पोचता. मग ती चिल्लर पॉवर घेऊन करायचं काय?

मध्ये कुणीतरी येऊन सांगेलच की इंजिनला बॅकप्रेशर लागतं. लागत नाही. कुठल्याच इंजिनला नको असतं. विनाटर्बो इंजिनाला पाइपमधून जाणाऱ्या गॅसचा वेग लागतो, पाइप फार मोठा केला की तो वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो, लोकांनी त्याला बॅकप्रेशर नाव दिलंय एवढंच.

आता डीकॅटवाल्यांचा, म्हणजे कॅट काढून टाकणाऱ्यांचा, एक मुद्दा मी मान्य करतो कारण तो खरा आहे. फुल थ्रॉटलला टर्बो गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिश्रण मुद्दाम जाड करतो, म्हणजे पेट्रोल जास्त टाकतो, बाराच्या आसपास, कारण जास्तीचं पेट्रोल आतलं तापमान खाली ठेवतं आणि त्यातून टर्बो आणि कॅटही वाचतो. त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड जाळायला कॅटला ऑक्सिजनच मिळत नाही, म्हणजे पाय पूर्ण दाबलेला असताना कॅट असून फारसा उपयोग नाही. बरोबर. पण भाऊ, सिंहगड रोडला, घोडबंदरला, दिवसातून किती सेकंद तुमचा पाय पूर्ण दाबलेला असतो? उरलेला सगळा वेळ सिग्नल, क्लच, पहिला, दुसरा, आणि त्या सगळ्या वेळात कॅट त्याचं काम चोख करत असतो. पॉवर ज्या क्षणी लागते तेव्हा कॅट असल्याने विशेष नुकसान नाही, आणि पॉवर लागत नाही तेव्हा कॅट नसल्याने नुसती घाण. माझा सगळा हिशोब इथेच सुटला.

आता दुसरं काम, हातात पाना घ्यायच्या आधी सध्याचा कॅट जिवंत आहे का ते बघा. कधीकधी गाडी दबलेली असते ती कॅट चोक झाल्यामुळे, आणि माणूस स्टेज २ च्या मागे लागतो. गाडी साडेतीन हजारच्या वर चढायला नको म्हणते, चढावर मान टाकते, अ‍ॅव्हरेज पडलंय, ही चोकची लक्षणं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायचा. ढोबळ माप असं की आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजार आरपीएमला तीनच्या आत पाहिजे, त्याच्या बरंच वर गेलं तर पुढे काहीतरी तुंबलंय. गाडी थंड असताना रबरी हातोड्याने डब्यावर हलकं मारा, आत खुळखुळा वाजला तर जाळी तुटलीय.

स्कॅनर लावला आणि पी०४२० हा कोड आला की बरेच मिस्त्री लगेच म्हणतात कॅट गेला. हा कोड नावाप्रमाणे चारशेवीसच आहे, फसवतो. तो एवढंच सांगतो की कॅटची कामगिरी कमी दिसतेय. सेन्सरच्या आधी गॅस्केट लीक असेल तरी येतो, मागचा सेन्सर म्हातारा झाला तरी येतो. लाइव्ह डेटा बघा, गाडी गरम, आरपीएम स्थिर, मागच्या सेन्सरचं व्होल्टेज पॉइंट सहा-सात व्होल्टच्या आसपास शांत उभं असेल तर कॅट ठीक आहे, ते सारखं वरखाली नाचत असेल तर कॅटने मान टाकलीय.

आणि कॅट आपोआप मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. कॉइल किंवा प्लग गेला की न जळलेलं पेट्रोल सरळ कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं, आणि हजार डिग्रीच्या आसपास गेलं की लेप खराब व्हायला लागतो, अजून वर गेलं की जाळीच वितळते. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर घरी जाऊन बघा, पण तो लुकलुकायला लागला तर त्याचा अर्थ मिसफायर होतोय आणि कॅट आत्ता जळतोय, पाय तिथल्या तिथे सोडायचा. ऑइल जाळणारं इंजिन, कूलंट आत खेचणारं हेड गॅस्केट, हेही कॅटला हळूहळू विष घालतात. म्हणून हे कारण आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा महागाचा स्पोर्ट्स कॅटपण सहा महिन्यांत त्याच वाटेने जाईल.

तिसरं, काय घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे, स्टेज १ वर थांबणार असाल तर कंपनीचा कॅट तसाच ठेवा, त्याला हातही लावू नका. स्टेज २ करायचंच असेल तर २०० सेल, मेटलच्या जाळीचा, नावाजलेल्या कंपनीचा. १०० सेलवाला जवळजवळ शोभेचाच असतो. आणि एक चौथा प्रकार आपल्याकडे फार चालतो, बाहेरून डबा तसाच ठेवून आतली जाळी छिन्नीने फोडून काढायची, म्हणजे गाडी खालून बघितली तर सगळं कंपनीचं दिसतं. हा सगळ्यात वाईट. पाइपमधून वेगाने आलेला गॅस त्या रिकाम्या डब्यात येऊन भोवरे घालतो, म्हणजे पॉवरसाठीपण धड नाही, आणि आवाज डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा. शिवाय ती जाळी फोडताना उडणारी धूळ छातीत जाते ती वेगळीच.

विकत घेताना टॉर्च लावून आरपार बघा, भोकं एकसारखी आणि उघडी पाहिजेत, पत्रा कुठे दबलेला नको. जाळी नुसती नव्या भांड्यासारखी चकचकीत दिसत असेल तर शंका घ्या, लेप दिलेली जाळी मंद, मातकट दिसते. बाजारात २०० सेल म्हणून नुसता गुंडाळलेला पत्रा विकला जातो, त्यात लेपच नसतो, तो लावून तुम्ही कॅटवाले म्हणून फिराल आणि पीयूसीवाला तुम्हाला खरं काय ते सांगेल. जाळीचा व्यास आणि लांबी दोन्ही विचारा, छोटासा कॅट मोठ्या टर्बोपुढे टिकत नाही. आणि डाउनपाइप असा निवडा की कॅट टर्बोच्या जवळ बसेल. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांतच सगळ्यात जास्त न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं, कारण कॅट तापलेला नसतो, आणि काही जण बनवायला सोपं म्हणून कॅट पार सीटखाली नेऊन ठेवतात, तो तिथे तापायला अजून उशीर लावतो. रोज चार किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीत मग तो कॅट असून नसल्यासारखाच.

फिटिंग. इथे माझी डोकेदुखी. मी ज्या गॅरेजमध्ये डीकॅट करून घेतला, नाव घेत नाही, तिथे पाइपचा जोड घाईत केला होता. सुरुवातीला नुसता वास यायचा, बेसमेंटमधल्या पार्किंगमधून निघताना वॉचमन काका नाकाला रुमाल लावायचे, आणि बायको म्हणायची तुझ्या शर्टाला पेट्रोल पंपाचा वास येतो. मी म्हणायचो, येणारच, परफॉर्मन्स गाडी आहे. मग एका रविवारी पावसात काचा बंद करून बोरघाट चढताना मागच्या सीटवरची दोघं गप्प झाली आणि माझं कपाळ ठणकायला लागलं, खंडाळ्याला थांबून काचा उघडल्या तेव्हा अर्ध्या तासात बरं वाटलं. खाली जोडावर काळा डाग, तिथून लीक. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आम्हाला कळलं ते सोबतच्या कच्च्या पेट्रोलच्या वासामुळे. कॅट असता तर त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड कितीतरी कमी असता. त्या आठवड्यातच कॅट परत लावायचं ठरलं, पॉवर-बिवर सगळं बाजूला राहिलं.

म्हणून फिटिंग करताना घाई नको. एसएस ३०४ चा पाइप, आर्गन वेल्डिंग, गॅस वेल्डिंग नाही. वेल्डिंग गाडीवरच करणार असतील तर बॅटरी काढायला लावा, ईसीयू महाग असतो. फ्लेक्स पाइप पाहिजेच, नाहीतर इंजिन हललं की जोड तडकणार. गॅस्केट दरवेळी नवं, जुनं परत बसवू देऊ नका, आणि त्याच्यावर सिलिकॉन तर अजिबात चोपडू नका, सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर मारते. सेन्सरचे दोन्ही नट पाइपच्या वरच्या अंगाला, तिरके, म्हणजे घड्याळात दहा ते दोनच्या मध्ये, कारण थंड पाइपमधलं पाणी खाली साचतं आणि सेन्सर तापलेला असताना ते लागलं की तो तडकतो. आट्यांना अँटी-सीझ लावायचं, टोकाला लागू द्यायचं नाही. कंपनीचं हीट शील्ड परत लावा, बसत नाही म्हणून कोपऱ्यात टाकून देतात, आणि मग शेजारची वायरिंग वितळते. सगळं झालं की मागच्या पाइपला जाड ओलं फडकं धरून गाडी आयडलला ठेवा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की लीक. हे दोन मिनिटांचं काम माझ्या वेळी कुणी केलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. आणि गाडी लिफ्टवर किंवा धड स्टँडवर, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.

मग ट्यून. २०० सेलचा कॅट लावूनही काही गाड्यांत चारशेवीस येतो, कारण मागच्या सेन्सरला कंपनीच्या कॅटची सवय असते. इथे दोन शॉर्टकट सुचवले जातात. एक म्हणजे सेन्सरखाली स्पेसर लावून त्याला गॅसपासून लांब करायचं, दुसरं म्हणजे मॅपमध्ये मागचा सेन्सरच बंद करून टाकायचा. दोन्ही नको. त्या सेन्सरवरून ईसीयू मिश्रणाची बारीक दुरुस्तीपण करतो, आणि तो बंद केला की उद्या कॅट खरंच मेला तरी तुम्हाला कुणी सांगणार नाही. चांगला कॅट, टर्बोजवळ, लीक नसलेला, असं असेल तर बऱ्याचदा कोड येतच नाही. आला तर आधी लीक शोधा.

ट्यूनरला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा, पॉप्स अँड बँग्स नको. थ्रॉटल सोडल्यावर जे फटफट वाजतं ते म्हणजे स्पार्क उशिरा टाकून पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाळणं, म्हणजेच मिसफायरने कॅट जसा मरतो तसाच, फक्त पैसे देऊन. रात्री सोसायटीत शिरताना दोनदा फटाके वाजले की पोरांना भारी वाटतं, कॅट मात्र आतून भाजून निघत असतो. आणि पेट्रोलचं आधी ठरवा. मॅप ९५ ऑक्टेनसाठी बनवला असेल तर त्याहून कमी ऑक्टेनचं टाकून पाय दाबायचा नाही. आता ई२० आलंय, त्यात मिश्रणाचं बरोबर माप १४.७ नाही, साडेतेराच्या आसपास येतं, ईसीयू सेन्सर बघून बराचसा सांभाळून घेतो पण फुल थ्रॉटलचा मॅप जुन्या पेट्रोलवर बनवलेला असेल तर परत लॉग घेऊन बघायला लावा.

आता कायदा, कंटाळवाणा आहे पण खिशाचा प्रश्न आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच परत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या नियमभंगाला कलम १९०(२), दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्ससाठी तीन महिने अपात्र. स्पोर्ट्स कॅट लावला म्हणजे तुम्ही कायद्यात बसलात असं नाही, कागदावर तोही बदलच. पीयूसी पास झाली तरी बदल कायदेशीर होत नाही. हे माहीत असूनच जे करायचं ते करा, गाडी तुमची, सही तुमची.

पण पीयूसी तुम्ही तपासणी म्हणून वापरा असं मी म्हणेन. बीएस४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं, आणि अडीच हजारच्या आसपास आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या मापाचा आकडा, अगदी बरोबर असेल तर १) ०.९७ ते १.०३ मध्ये. कॅट नसलेल्या इंजिनाला यातला पहिला आकडाच जड जातो. काही ठिकाणी नळी पाइपमध्ये न घालताच कागद हातात देतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तिथे जाऊ नका असं नाही म्हणत मी, तिथे जाऊन नळी घालायला लावा. काम करायच्या आधी एक चाचणी, नंतर गाडी चांगली वीस मिनिटं पळवून एक चाचणी, दोन्ही कागद जपून ठेवा. तुमचा २०० सेलवाला खरा की नकली, ट्यून कसा झालाय, सगळं त्या चार आकड्यांत कळतं. डायनोचा कागद फ्रेम करणारे लोक आहेत, हा कागद कुणी बघतसुद्धा नाही.

आणि ज्यांना तुलना हवी त्यांच्यासाठी, बीएस६ पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, हायड्रोकार्बन ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइड ०.०६ ग्रॅम एवढीच मुभा आहे. हे कॅटशिवाय जमत नाही. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे, तिथे अशाच चाचण्या होतात, आणि त्याच टेकडीवर सकाळी आपण पळायला, ताजी हवा घ्यायला जातो. मी डीकॅट गाडी घेऊन तिथेच पायथ्याशी पार्क करायचो. असो.

युकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक ओळ, तिथे गाडीला मूळचा कॅट असेल आणि तो काढलेला दिसला तर एमओटी (तिथली गाडीची सक्तीची तपासणी) थेट फेल, धुराचा आकडा नंतरची गोष्ट. आणि ज्याची गाडी फक्त ट्रॅकसाठी आहे, ट्रेलरवर कोइंबतूरला जाते आणि ट्रेलरवर परत येते, त्याला हा लेख लागू नाही. पण गाडी घरून चालवत नेणारा स्वतःला ट्रॅकवाला म्हणवत असेल तर नाही हां.

लावल्यावर जपायचं कसं ते थोडक्यात. सुरू होत नसलेली गाडी ढकलत राहू नका, न जळलेलं पेट्रोल जाऊन कॅटमध्ये साचतं. दिवाळीनंतर पठारावर, किल्ल्याच्या पायथ्याला वाळक्या गवतात गाडी लावू नका, खालचा कॅट एवढा तापलेला असतो की गवत पेटतं. पावसाळ्यात तापलेली गाडी तुंबलेल्या पाण्यात घातली तर सिरॅमिक जाळी तडकू शकते, मेटलवाली यात जरा बरी. सडक्या अंड्याचा वास यायला लागला तर मिश्रण जाड झालंय, आधी ते बघा.

सगळ्यात शेवटी, आणि हे सगळ्यात जास्त लोक विसरतात, काढलेला कंपनीचा कॅट घरी घेऊन या. गॅरेजमध्ये सोडू नका. मारुती इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आठवतात ना, २०२१-२२ मध्ये पुणे, मुंबई, नाशिक, सगळीकडे चालू होतं, ते लोक सायलेन्सरसाठी नाही, आतल्या जाळीची माती करून विकायला चोरत होते. त्याच सुमारास ऱ्होडियमचा भाव औंसाला जवळपास २९ हजार डॉलरपर्यंत गेला होता. मग ‘जुना माल टाकून देतो साहेब’ असं कुणी प्रेमाने म्हटलं तर तो का म्हणतोय ते समजून घ्या. माझा नशिबाने मिळाला परत, तोही दोन फोन आणि एक भांडण केल्यावर. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, शेजारी त्याचे बोल्ट आणि जुना मागचा सेन्सर एका श्रीखंडाच्या डब्यात. आई दर दिवाळीला साफसफाई करताना विचारते की हे भंगार द्यायचं का. नाही द्यायचं. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा तोच परत बसवायचा आहे, कारण घेणारा आधी स्कॅनर लावतो आणि मग भाव सांगतो.